शोभाचा गुरुवार

वसुधा मंगळवारी गेली. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. मी दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये होतो. परत आलो तेव्हा परिचारिका पलंगाभोवतीचा पडदा ओढत होती. सही कुठे करायची ते तिने दाखवले. मी सही केली.

वसुधा माझी पत्नी. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारले, "त्रास कधीपासून?" तिने माझ्याकडे न पाहता सांगितले, "आठ महिने झाले असतील." ते आठ महिने आम्ही एकाच घरात राहत होतो. संध्याकाळी मी खुर्चीत वाचत बसायचो, समोर ती भाजी निवडायची. मी सांगलीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कपाटातले एखादे पुस्तक जागचे हलले तरी माझ्या लक्षात येते.

ती गेल्यावर घरात बसवेना. पहाटे कृष्णेच्या काठाने चालू लागलो. चालताना विचार थांबत नसत, म्हणून पळू लागलो. बावन्नाव्या वर्षी माणूस पळायला लागला की शेजारी आधी काळजी करतात आणि मग सोडून देतात. आमच्या गावात कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम करणारी एक लहानशी संस्था आहे. त्यांना खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या तपासणीसाठी एक गाडी घ्यायची होती. ते म्हणाले, तुम्ही पळताच आहात, तर लांबचे पळा, लोक किलोमीटरमागे देणगी देतील. कुठे पळायचे ते मी ठरवले.

वसुधा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आमच्याकडे थंडीच्या सुरुवातीला ऊसतोडीची माणसे येतात आणि "बीडवाले आले" असे लोक म्हणतात, जसे "थंडी आली" म्हणावे तसे. त्यांची मुले हंगामापुरती तिच्या वर्गात बसत. धारूर, वडवणी, केज ही त्यांच्याकडची नावे मी तिच्याच तोंडून ऐकली होती. दर हिवाळ्यात शहराबाहेर त्यांच्या खोपी दिसत, आणि तीस वर्षांत मी एकदाही त्यांच्यापैकी कुणाशी बोललो नव्हतो. म्हणून अंबाजोगाईपासून बीडजवळच्या कपिलधारपर्यंत पळायचे ठरवले. दसरा नुकताच झाला होता.

अंबाजोगाई ते धारूर

रविवारी सकाळी निघालो. बरोबर दोघे होते. नसीमताई बीडच्या, तीस वर्षे नर्स म्हणून काम केलेल्या. मुक्कामाच्या गावी त्या बायकांना तपासणार होत्या. ज्ञानोबा केजचा, जीप त्याचीच. मी पुढे पळायचो आणि जीप मागे बैलगाडीच्या वेगाने यायची. हे ज्ञानोबाला सहन होत नव्हते. पहिल्याच पाण्याच्या थांब्यावर तो म्हणाला,

"सर, एक विचारू का? राग नका धरू."

"विचारा की."

"गाडी हाय आपल्याकडं. डिझेल भरलेलं हाय. मंग तुमी पळायलात कावून?"

नसीमताई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "पैसे जमवायला, ज्ञानोबा. किती दफा सांगायचं?"

"पळून पैसे मिळत्यात व्हय? मंग आमच्या गल्लीतलं कुत्रं लखपती झालं असतं की."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो हे माझ्याआधी नसीमताईंच्या लक्षात आले असावे. त्यांनी बाटली पुढे केली.

दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली रानं होती, काळी आणि उघडी. कापूस अजून उभा होता. आमच्याकडे या दिवसांत जिकडे तिकडे उसाची हिरवी भिंत असते. रस्त्यावरून पळताना फार लांबचे दिसत नाही. इथे सगळे दिसते. पुढचे गाव तासभर आधी दिसायला लागते आणि तासभर तेवढेच लांब राहते.

एका गावाबाहेर दोन मुली समोरून पळत आल्या. पोलीस भरतीची तयारी करत होत्या. माझ्याबरोबर वळून त्या थोडे अंतर पळाल्या.

"काका, तुमची कुठली भरती?"

"कुठलीच नाही."

त्यांनी माझ्या केसांकडे पाहिले. एक हळूच म्हणाली, "वय निघून गेलं व्हय?"

"हो. कधीच."

"जाऊ द्या, काका. आमचं बी दोनदा हुकलंय." आणि मला समजावल्यासारखे करून त्या परत फिरल्या.

धारूरला एका निवृत्त गुरुजींच्या घरी उतरलो. किल्ला संध्याकाळच्या उजेडात लांबूनच पाहिला. गुडघे चढायला तयार नव्हते. जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी?" असे विचारतात आणि दुसऱ्या नकाराला थांबतात. इथे विचारतच नाहीत. ताटावर हात आडवा धरला तर गुरुजींच्या पत्नी हाताच्या बाजूने भाकरी सरकवत.

गुरुजी म्हणाले, "बऱ्या येळेला आलात. आत्ता गाव भरलेलं हाय. आठ-पंधरा दिवसांनी आला असता तर म्हातारी माणसं आन् कुलपं, एवढंच दिसलं असतं."

मी म्हणालो, "ती माणसं आमच्याकडे येतात."

"मंग तुमच्याकडं गाव भरत आसंल."

मी हो म्हणालो. ते खरे नव्हते. आमच्याकडे ती माणसे गावात येत नाहीत, गावाबाहेर असतात.

धारूरचा घाट

सोमवारी घाट उतरायचा होता. उतार पळायला सोपा असे पळणारे सोडून सगळ्यांना वाटते. दोन्ही बाजूंना खडकातून उगवलेली सीताफळाची झाडे होती आणि प्रत्येक वळणावर बायका पाट्या घेऊन बसलेल्या. एका वळणावर माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला आणि मी खडीवर आडवा झालो, बरोबर सात पाट्यांच्या समोर.

"आगं बाई, म्हातारं पडलं!"

"म्हातारं कुठंय? चांगलं हाय की आजून."

"माघं पोलीस लागलेत का वो तुमच्या?"

जीप एक वळण मागे होती. त्या बायकांपैकी एक उठली, माझी टाच एका हातात धरली आणि दुसऱ्या हाताने पायाची बोटे माझ्याकडे जोरात दाबली. मी ओरडलो. बाकीच्या हसल्या.

"वरडा, वरडा. ऊस तोडताना आमाला रोजच येत्यात. असं दाबलं की जातो." गोळा गेला. मग तिने पाटीतले सीताफळ फोडून अर्धे माझ्या हातात दिले. "हे खावा. साखर जाईल पोटात."

तिचे नाव शोभा. वय पस्तीस-छत्तीस असेल. शनिवारी तिच्या टोळीचा ट्रॅक्टर ऊसतोडीला निघणार होता. तोवर ती डोंगरातली सीताफळे काढून विकत होती. मी ऊस पिकतो त्या भागातून आलोय म्हटल्यावर तिला बरे वाटले. आमच्या बाजूच्या दोन साखर कारखान्यांची रचना तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती. मी विचारले, "तुम्ही एकट्या जाता?"

सातही जणी हसल्या. "एकटी कशी जाईन? मी आन् मालक मिळून एक कोयता. गडी तोडतो, बाई मोळी बांधती, डोक्यावर वाहती. एकटा गडी मंजी अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला कोण नेतं?"

तेवढ्यात जीप आली. पळताय कशाला, हे त्यांनीही विचारले. मी सांगितले. वसुधाचे सांगितले. शोभाने विचारले,

"पिशवीचा व्हता?"

"हो."

"तुमच्या मंडळींनी पिशवी ठिवली असंल." ती समजुतीने म्हणाली. "माझी काढलीय. सत्ताविसाव्या वर्षीच. डॉक्टर मनला, काढली न्हाई तर कॅन्सर हुईल. काढली, सुटले. आता मला न्हाई व्हायचा."

"माझी बी काढलीय," दुसरी म्हणाली. तिसरीनेही मान हलवली. जशी दाढ काढली म्हणावे तसे त्या सांगत होत्या. पिशवी गेली की पाळी गेली, पाळी गेली की कामाचा खाडा गेला आणि कॅन्सरही गेला, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

नसीमताई जीपमधून उतरल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "पिशवीचा नाही होणार, शोभाबाई. बाकी अंग आहे ना. कुठं गाठबिठ?"

"एक हाय." तिने पदरावरून छातीच्या उजव्या बाजूला बोट लावले. "ती दुधाची हाय."

"धाकटं लेकरू केवढं?"

"धा वर्साचं."

"दहा वर्षांचं लेकरू, आणि दुधाची गाठ?"

कुणी हसले नाही. शोभाही नाही.

ज्ञानोबाला रस्त्याच्या पलीकडे पाठवले. बायकांनी दोन लुगडी जीपच्या दारांना धरून आडोसा केला. मी पाठ करून दरीकडे बघत बसलो. खाली तेलगावकडचा सपाट मुलूख उन्हात पांढरा दिसत होता. नसीमताई बाहेर आल्या तेव्हा त्या रुमालाने हात पुसत होत्या, आणि जेवढा वेळ पुसायला हवे त्यापेक्षा जास्त वेळ पुसत होत्या. माझ्याशी हळू बोलल्या: "हलत नाही. काखेत पण आहे."

शोभाला त्यांनी सांगितले, की घाबरायचे नाही, पण तपासायचे, आणि आठवड्याच्या आत. शोभा म्हणाली, पाडव्याला परत आले की बघू.

"पाडवा पाच महिन्यांवर आहे," नसीमताई म्हणाल्या. "गुरुवारी. अंबाजोगाईच्या दवाखान्यात. मी स्वतः दारात उभी राहते. एक दिवसाचं काम. शनिवारच्या आत परत."

शोभा बराच वेळ पाटीतली सीताफळे उलटीसुलटी करत राहिली. मग म्हणाली, "गुरवारी जमंल. मालक माजलगावला जाणारेत त्या दिशी. पर एक हाय. कुणाला कळू द्यायचं न्हाई. मुकादमाच्या कानावर गेलं तर झालं. आजारी बाईला टोळीत घेत न्हाईत, मंग मालकाला बी घेत न्हाईत. रिपोट वाईट आला तर मालकाला मीच सांगन. बरा आला तर कशाला सांगायचं?"

"मंजूर," नसीमताई म्हणाल्या.

शोभाने माझ्याकडे पाहिले. "सर, तुमी बी."

मी म्हणालो, "कुणाला सांगणार नाही."

तिने माझ्या पिशवीत चार सीताफळे टाकली आणि पैसे घेतले नाहीत. घाट उतरून मी तेलगावला पोचलो. त्या दिवशी पायाला काही त्रास झाला नाही. खरे सांगायचे तर मी आनंदात होतो. वसुधा गेल्यापासून पहिल्यांदा मला वाटले की पळण्याचा काही उपयोग आहे. तीन दिवसांनी गुरुवार होता.

वडवणी

मंगळवारी वडवणीत बाजार भरला होता. मला वाटले होते की पळत शिरेन, पाणी पिईन, नसीमताई शाळेत बायकांना तपासतील आणि मी सावलीत पडेन. पण वेशीवरच बॅनर होता. आमच्याकडेही बॅनर असतात, पण इथल्या बॅनरवर एक ठरलेली व्यवस्था असते: वरच्या ओळीत मोठे नेते, खालच्या ओळीत स्वागतासाठी उत्सुक असलेली मंडळी, आणि उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढा, मी पळत होतो.

ज्ञानोबा म्हणाला, "सर, आता सुटका न्हाई. सत्कार मंजी सत्कार."

घामाने भिजलेल्या डोक्यावर फेटा बांधला गेला. शाल, नारळ, हार, पुन्हा शाल. भाजीबाजाराच्या कडेला मंडप होता. पहिल्या रांगेत पांढऱ्या कपड्यांतली माणसे: पुढारी, आडते, मुकादम. मागे बाजाराला आलेल्या बायका उभ्या होत्या, डोक्यावर पाट्या तशाच ठेवून. तिघांची भाषणे झाली. एकाने मला वीर म्हटले. मग माझ्या हातात माईक दिला. "सरांनी दोन शब्द बोलावेत."

मी भाषण करणारा माणूस नाही. ग्रंथालयाच्या वार्षिक सभेतही मी अहवाल छापून देतो आणि खाली बसतो. आभार मानून उतरावे असेच मनात होते. पण मागे उभ्या असलेल्या त्या बायका दिसल्या. मला वाटले, यांच्यातल्या कितीजणी आठ महिने गप्प असतील. मी वसुधाबद्दल बोललो. लोक गप्प झाले. बाजाराचा आवाजही खाली गेल्यासारखे वाटले. आणि मग, त्या शांततेत, मी आणखी बोललो.

मी म्हणालो की काल धारूरच्या घाटात मला एक बाई भेटली. सीताफळे विकत होती. माझ्या पायातला गोळा तिने काढला. सत्ताविसाव्या वर्षी तिची पिशवी काढलेली, धाकटे मूल दहा वर्षांचे, आणि छातीत गाठ, ती तिला दुधाची वाटते. ती शनिवारी ऊस तोडायला निघाली आहे. मी म्हणालो की अशा बाईला एक दिवस दवाखान्यात जाता आले पाहिजे, कुणाला न घाबरता. तिला अर्धा कोयता म्हणू नका. असे बरेच बोललो. चांगले बोललो असावे. मागच्या दोन बायका पदराने डोळे पुसत होत्या. टाळ्या बऱ्याच वेळ वाजल्या.

खाली उतरलो तेव्हा पहिल्या रांगेतला एक माणूस पुढे आला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा सदरा. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले. त्याचेही डोळे ओले होते. ते खोटे नव्हते, हे मला आजही सांगता येईल.

"सर, बरं झालं बोललात. बाया लपवत्यात वो. आमाला कोण सांगतंय? माझ्या माघं ऐंशी माणसं असत्यात. तिकडं परमुलखात, रानात, एखादीला काय झालं तर जाब मलाच. लेकरागत सांभाळावं लागतं."

मी म्हणालो, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून."

नसीमताई शेजारी आल्या होत्या. त्यांनी विचारले, "तुमची टोळी कुठली, मुकादम?"

"धारूरकडचीच की. घाटाच्या वरल्या अंगाची." आणि खिशातून फोन काढत तो मंडपाबाहेर गेला.

नसीमताईंनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला, तो पडेल की काय असे त्यांना वाटले असावे. त्या मला जीपपाशी घेऊन आल्या. मग म्हणाल्या,

"सर, नाव सोडून तुम्ही सगळं सांगितलं."

मी म्हणालो, आपण त्याच्यामागे जाऊ, त्याला समजावू. त्या म्हणाल्या, गेलो तर त्याला जी शंका आहे ती पक्की होईल. शोभाकडे फोन नव्हता, नंबर होता तो नवऱ्याचा. मी म्हणालो, माणूस भला वाटला. त्या म्हणाल्या, "भला आहेच. म्हणून तर आजारी बाईला नेणार नाही."

ज्ञानोबाने गाडीचे दार उघडून धरले.

बीड

बुधवारी वडवणीहून बीडला पळालो. थांबावे असे वाटत होते, पण थांबून काय करावे हे कळत नव्हते. रस्त्याने ट्रॅक्टर जायला सुरुवात झाली होती. मागच्या ट्रॉलीत बाजली, पाण्याचे पिंप, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या, आणि त्या सगळ्यावर माणसे. प्रत्येक ट्रॉली जवळून जाताना मी वर बघायचो. वरून बायका हात हलवायच्या. पळणारा माणूस बघून त्यांना मजा वाटत होती.

एका थांब्यावर ज्ञानोबाने मला त्याचा मोबाईल दाखवला. "सर, तुमचं भाषण फिरायलंय. माझ्या मेव्हण्यानं धाडलंय. आमच्या केजच्या ग्रुपवर बी आलंय." फेटा घातलेला मी सीताफळांबद्दल बोलत होतो. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग होती. दुपारी सांगलीहून संस्थेच्या सचिवांचा फोन आला. भाषण तिकडेही पोचले होते आणि देणग्यांचा ओघ वाढला होता. "सर, गाडी नक्की झाली!" ते म्हणाले. मी म्हणालो, छान.

बीडला ज्यांच्याकडे उतरलो त्यांनी धपाटे आणि दही वाढले. मी एक धपाटा खाऊन उठलो.

गुरुवारी नसीमताई पहाटेच्या बसने अंबाजोगाईला गेल्या. मी फोन समोर ठेवून बसलो. मोजे धुतले, वाळत घातले. दहा वाजता त्यांचा फोन: "अजून नाही." बाराला: "नाही." दीडला त्यांनी नाही असेही म्हटले नाही. नुसते म्हणाल्या, "सर, ज्ञानोबाला घेऊन या. मी धारूरला उतरते."

शोभाची वस्ती घाटाच्या वर, रस्त्यापासून आत होती. जीप जाते तिथपर्यंत नेली, पुढे चाललो. दोन खोल्यांचे घर, एका दाराला कुलूप. पडवीत एक म्हातारी बसली होती, शोभाच्या नवऱ्याची, अंगदची आई. दहा वर्षांची एक मुलगी तिच्या केसांत तेल घालत होती. म्हातारीने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिले.

"तुमीच का ते पळणारे?"

मी हो म्हणालो.

"बसा. उनाचं आलात." तिने मुलीला पाणी आणायला सांगितले. पाण्याबरोबर गुळाचा खडा आला. मी तो हातात धरून बसलो.

नसीमताईंनी विचारले. म्हातारीने सगळे सावकाश सांगितले. मंगळवारी दुपारी मुकादमाचा अंगदला फोन आला. तुझी बाई आजारी आहे असे ऐकतो, तिला बरे कर, पुढच्या साली बघू. अंगद म्हणाला, कोण म्हणतं आजारी आहे? मग गावातल्या कुणीतरी मोबाईलवर भाषण लावून दाखवले. अंगद घरी आला.

"मारलं का तिला?" नसीमताईंनी विचारले.

"न्हाई. मारलं न्हाई. नुसतं मनला, वडवणीच्या बाजारात कळलं मला. घरात न्हाई कळलं." म्हातारीने माझ्याकडे पाहिले. "मला बी न्हवतं सांगितलं तिनं. मला बी तुमच्याकडूनच कळलं, दादा."

मग अंगदने संध्याकाळपर्यंत फोन लावले. दुसऱ्या एका गावच्या टोळीत एक जोडी कमी पडत होती. त्या मुकादमाने भाषण ऐकले नव्हते, किंवा ऐकूनही विचारले नाही. बुधवारी सकाळी त्यांचा ट्रॅक्टर निघाला. शोभा निघताना सांगत होती की गुरुवारी जरा काम होते. अंगद म्हणाला, आता कसला गुरुवार.

"कुठल्या कारखान्याला गेले?"

"कर्नाटकाकडं, असं मनत व्हते. का सोलापूरच्या अंगाला. मला नाव येत न्हाई. फोन लागत न्हाई त्येचा."

नसीमताईंनी चिठ्ठी लिहून मुलीच्या वहीत ठेवली: फोन आला की आईला हे सांग, जिथे असेल तिथल्या सरकारी दवाखान्यात जा, खर्चाची काळजी नको. मुलगी चौथीत होती. तिने चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली, एका शब्दालाही न अडखळता.

निघताना मी म्हातारीच्या पाया पडलो. तिने पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही. म्हणाली, "संबाळून जावा. घाट वाईट हाय."

जीपमध्ये ज्ञानोबा म्हणाला, "सर, तुमी वाईट मनानं न्हाई बोललात."

"नाही," मी म्हणालो.

"पर मन कुणाला दिसतंय."

कपिलधार

शुक्रवारी शेवटचा टप्पा होता. लोकांनी किलोमीटरमागे पैसे दिले होते, तेव्हा किलोमीटर पुरे करणे भाग होते. बीडहून निघालो, डोंगर चढलो, कपिलधारला उतरलो. पाऊस चांगला झाला होता, धबधबा मोठा होता. लिंगायत भाविकांचा एक जथा दर्शनाला आला होता. पायऱ्यांवर मला पाहून त्यांनी वाट दिली. शर्टावर छातीला संस्थेने लावून दिलेल्या क्रमांकामुळे मी कुठल्या तरी नवसाने आलो आहे असे त्यांना वाटले. एका आजीने माझ्या हातावर खोबरे ठेवले आणि विचारले, "काय मागितलंत?" मी खोबऱ्याकडे पाहिले. ती म्हणाली, "सांगायचं नसतंच."

मी धबधब्यासमोर बसलो. तुषार अंगावर येत होते. या जागेबद्दल वाचकाला सांगण्यासारखे पुष्कळ असेल. मी पाहिले नाही. वसुधा ते आठ महिने का बोलली नसेल, हा प्रश्न मी तिच्यावर रागावून पुष्कळदा विचारला होता. त्या दिवशी रागावलो नाही. तिला कुणाला सांगायचे होते, कधी, कोणत्या शब्दांत, हे तिचे तिने ठरवायचे होते, आणि मी समोर बसून असा माणूस झालो नव्हतो ज्याला सांगता येईल. मी जो झालो तो माईकवर बोलणारा माणूस, तोही उशिरा.

नसीमताई बीडच्या स्टँडवर निरोप द्यायला आल्या. मी माफी मागायला लागलो, तर त्या म्हणाल्या, "माझी नका मागू." मग माझ्या पिशवीची चेन नीट लावून दिली, जशी लहान मुलाची लावतात.

परत आल्यावर

हे लिहायला तीन महिने लागले. देणग्या पुरल्या, गाडी आली. पांढरी आहे, आत पडदा आहे, पायरी खाली आहे, म्हाताऱ्या बायकांना चढता येते. आठवड्यातून तीन दिवस ती खोपींकडे जाते. उद्घाटनाला मला बोलावले होते. मी गेलो, बोललो नाही.

आता रविवारी मी पळत नाही. एसटीने किंवा स्कूटरने जातो. सांगली जिल्हा झाला, मग कोल्हापूरची बाजू, मग सीमेपलीकडचे चिकोडी, रायबाग, अथणी. उसाच्या फडात जाऊन विचारतो: धारूरकडचं कुणी आहे का, अंगद आणि शोभा म्हणून. पुष्कळदा धारूरची माणसे भेटतात. कुणी म्हणते, अंगद व्हय, मागच्या साली आमच्यात होता. काहीजण माझा चेहरा ओळखतात. "तुमी भाषणातले सर की!" असे म्हणतात आणि चहा टाकतात. मी पितो. एका फडात एका बाईने मला बाजूला घेऊन स्वतःचे काही सांगितले. मी ते ऐकले, गाडीचा दिवस सांगितला, आणि ते तिथेच ठेवले.

अंगदचा फोन अधूनमधून वाजतो, पण कुणी उचलत नाही. त्याच्या आईशी नसीमताई दर आठवड्याला बोलतात. शोभाचा घरी दोनदा फोन आला होता, अंगदच्याच नंबरवरून, वस्तीतल्या शेजाऱ्याच्या मोबाईलवर. मुलीने चिठ्ठी वाचून दाखवली. शोभा म्हणाली, बघते. कुठे आहेस हे मुलीने विचारले, तेव्हा ती म्हणाली, उसात.

हंगाम संपायला दोन महिने आहेत. शोभा अजून सापडलेली नाही.